‘मी तर फक्त जाहिरात केली होती’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या वाचक भगिनी रेसिपीचं यूट्यूब चॅनेल चालवतात. इन्स्टाग्राम धरून दीड लाखांवर फॉलोअर्स, बहुतेक बायका, सगळ्या त्यांना ‘ताई’ म्हणतात. गेल्या वर्षी एका क्रिप्टो अ‍ॅपच्या माणसाने दोन व्हिडिओंसाठी ३५ हजार रुपये दिले. शिवाय त्यांच्या रेफरल कोडवरून जो पैसे भरेल, त्याच्या रकमेवर ५ टक्के कमिशन. ‘रोज १ टक्का परतावा’ अशी योजना होती. त्यांनी स्वतःचेही ८० हजार टाकले. चार महिने पैसे येत राहिले, मग विड्रॉल बंद. आधी ‘सर्व्हर अपग्रेड’, मग ‘२० टक्के टॅक्स भरा, रक्कम सुटेल’, आणि आता ‘जुन्या कॉइनच्या बदल्यात नवा कॉइन’. कमेंटमध्ये शिव्या येतायत, गल्लीतल्या बायका दारात येऊन बसतायत. नवरा म्हणतो, व्हिडिओ डिलीट कर आणि गप्प बस. कंपनीचा माणूस म्हणतो, लोकांना धीर देणारा एक व्हिडिओ करा. त्या विचारतात : ‘मी तर फक्त जाहिरात केली होती. खाली सूचनाही होती. माझेही पैसे बुडाले. मोठमोठे हिरो आणि क्रिकेटर हेच करतात, त्यांना कोण विचारतं? मग मीच गुन्हेगार कशी? दागिने मोडून सगळ्यांचे पैसे देऊ का?’

नमस्कार ताई,

आधी घाईचं बोलू, बाकीचं सावकाश. तो ‘धीर देणारा’ व्हिडिओ करू नका. ‘व्हिडिओ नको, नुसती स्टोरी टाका’ म्हणाला तरी नको. आजवर जे झालं ते तुमच्याकडून न कळत झालं, असं म्हणायला जागा आहे. विड्रॉल बंद पडल्याचं माहीत असताना ‘काळजी करू नका, पैसे येतायत’ असं एकदा बोललात, की ती जागा गेली.

दुसरं, ते ‘टॅक्स’चं. क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२पासून ३० टक्के कर आहे आणि तो आपण आयकर विवरणपत्र भरताना सरकारला देतो. व्यवहाराच्या वेळी जो १ टक्का टीडीएस कापतात, तो त्या रकमेतूनच कापतात. आपलेच पैसे सोडवायला आधी अ‍ॅपवाल्याकडे वेगळे पैसे भरा, असा कुठलाही कर आपल्या कायद्यात नाही. बुडालेल्या माणसाकडून जाता जाता आणखी थोडं काढून घ्यायची ही युक्ती आहे. पन्नास हजार अडकलेली बाई कुठून तरी दहा हजार उसने आणून भरते, कारण तिला वाटतं की एवढे भरले की सगळे सुटतील. तेव्हा बाकी काही ठरो न ठरो, आज संध्याकाळच्या आत दोन ओळींची पोस्ट टाका : ‘टॅक्स म्हणून किंवा कुठल्याही नावाने त्या अ‍ॅपमध्ये एक रुपयाही भरू नका.’ एवढं सांगायला वकिलाची वाट बघायला नको.

आणि तो नवा कॉइन. ताई, हा खेळ आपल्याच पुण्यात होऊन गेलाय. ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना होती. बिटकॉइन भरा, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या, असा वायदा. बिटकॉइन देणं जमेना, तेव्हा लोकांच्या हातात ‘एमकॅप’ नावाचा स्वतःचाच कॉइन ठेवला. त्याची किंमत नावापुरती उरली. योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज २०१८मध्ये पकडला गेला, २०२२च्या जानेवारीत वारला, आणि तपास अजून संपलेला नाही. २०२५च्या फेब्रुवारीत सीबीआयने देशभरात साठेक ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं. म्हणजे ही काही परदेशातली, इंग्रजी बोलणाऱ्यांची भानगड नव्हे. नवा कॉइन देतात तो वेळ काढायला. तो घेऊ नका आणि ‘घ्या’ असं कुणाला सांगूही नका.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. तव्यावर थालीपीठ आहे. कडेने तेल सोडून झाकण ठेवता ठेवता तुम्ही म्हणता, ‘हे होतंय तोवर तुम्हाला एक गंमत सांगते.’ मग मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरता, हिरव्या आकड्यावर बोट ठेवता. ‘मी पण टाकलेत बरं का. माझा कोड खाली दिलाय.’ तुम्ही म्हणता ती सूचना आहे खरी. सगळ्यात तळाला, पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत, झाकण उघडेपर्यंत गेलेली. तुमचं बाकी सगळं मराठीत, ‘वाफ काढा’पासून ‘कोड टाका’पर्यंत. धोक्याची तेवढी एक ओळ इंग्रजीत. ती नक्की कुणी वाचावी म्हणून होती?

मला वाटतं तुमची अडचण ‘जाहिरात’ म्हणण्यातच आहे. मसाल्याच्या कंपनीने पैसे दिले आणि तुम्ही पाकीट दाखवलंत, ही जाहिरात. मसाला बेचव निघाला तर कुणाचे साठ-सत्तर रुपये गेले. इथे तुम्हाला माणसामागे पैसे मिळत होते. आणि ते कमिशन यायचं कुठून? त्या अ‍ॅपने काही पिकवलं नव्हतं, विकलं नव्हतं. शेजारच्या वहिनींनी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेले पन्नास हजार भरले, त्यातलेच अडीच हजार तुमच्या खात्यात आले. चार महिने तुम्हाला जो ‘परतावा’ मिळाला, तोही मागून येणाऱ्या बायकांचाच पैसा असणार. कागद घेऊन हिशेब केलात तरी हे दिसेल : रोज १ टक्का चक्रवाढीने धरला तर एका लाखाचे वर्षात ३७ लाखांच्या वर होतात. असा धंदा ज्याला सापडला, तो तुमच्या चॅनेलवर गिऱ्हाइकं शोधत कशाला बसेल?

हे सगळं तुम्हाला तेव्हा कळत होतं असं मी म्हणत नाही. तुमचे ऐंशी हजार गेले, त्यावरूनच दिसतं की तुमचा स्वतःचाही विश्वास होता. तपासातही ही गोष्ट तुमच्या बाजूची ठरेल. पण ‘मीही फसले’ आणि ‘माझ्यामुळे इतर फसले’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. साखळी योजनांमध्ये मधल्या कड्यांचं बहुतेक असंच असतं : वरच्यासाठी गिऱ्हाईक, खालच्यासाठी एजंट.

पत्रात एका जागी तुम्ही जरा चिडून लिहिलंय, ‘लोकांनी स्वतःची अक्कल वापरायला नको?’ हवी होती. रोज १ टक्का ऐकून ज्याला शंका आली नाही, त्यात हावेचा भाग होताच, आणि मोठ्या माणसांना तान्ह्या बाळासारखं वागवायची मला हौस नाही. पण त्या बायकांनी कॉइनवर विश्वास ठेवला नव्हता. कॉइन म्हणजे काय हे त्यांना आजही धड सांगता येणार नाही. त्यांना एवढं माहीत होतं की तुम्ही चकलीच्या पिठात मोहन जेवढं सांगता तेवढंच घालावं लागतं आणि चकली बिघडत नाही. सहा वर्षं तुम्ही सांगितलेलं प्रमाण चुकलं नव्हतं. अ‍ॅपवाल्याने पस्तीस हजार त्याचे दिले. तुमच्यापेक्षा जास्त फॉलोअर्स असलेले पुष्कळ असतील. घरातल्या बायका जिचं मुकाट्याने ऐकतात अशी ताई त्याला हवी होती.

आता मोठ्यांचं. ‘त्यांना कोण विचारतं’ ही तुमची तक्रार अगदी खोटी नाही. २०२१च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात दर ओव्हरला क्रिप्टोच्या जाहिराती दिसायच्या, त्यात नावाजलेले चेहरे होते. त्यांना वकील असतात, मॅनेजर असतात, आणि भाजी आणायला गेल्यावर कुणी हात धरून जाब विचारत नाही. तुम्हाला रोज मंडईत जायचंय. हा अन्याय आहेच. पण विचारणारं कुणीच नाही, हेही खरं नाही. किम कार्दाशियनने ‘इथेरियममॅक्स’ नावाच्या टोकनची एक इन्स्टाग्राम पोस्ट टाकली, तिचे तिला अडीच लाख डॉलर मिळाले. पोस्टवर ‘अ‍ॅड’ असं लिहिलेलं होतं बरं का. तरीही अमेरिकेच्या बाजार नियामकाने तिला धरलं, कारण पैसे कुणी आणि किती दिले हे तिने सांगितलं नव्हतं. २०२२मध्ये तिने १२ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

तुमच्या प्रश्नाला त्याहून जवळचा खटला ‘बिटकनेक्ट’चा. ही योजना २०१८च्या सुरुवातीला कोसळली, आणि तिच्या संस्थापकाचं गाव आपल्या शेजारचं, सुरत. तिचा प्रचार यूट्यूबवरच झाला होता. प्रचारकांनी न्यायालयात सांगितलं, आम्ही कुणाला व्यक्तिशः गळ घातली नाही, फक्त व्हिडिओ टाकले. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०२२मध्ये हे मान्य केलं नाही. व्हिडिओतून हजारोंना सांगणं हेही ‘पैसे भरा’ असं सांगणंच आहे, असं ठरलं. अमेरिकेचा कायदा आपल्याला लागू नाही, पण ‘मी फक्त व्हिडिओ टाकला’ हे तुमचंही म्हणणं आहे, म्हणून सांगितलं.

आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही त्यात दंड होतो, पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, आणि वर्षभर जाहिराती करायला बंदी येऊ शकते. सूट त्यालाच, ज्याने जाहिरात करण्याआधी दाव्यांची नीट खातरजमा केली होती. म्हणजे उद्या तुम्हाला विचारलं जाईल : कंपनी कुणाची, पत्ता कुठला, परतावा कशातून येतो, हे विचारलं होतंत का? जाहिरातीतली सूचना दाव्याच्याच भाषेत हवी, हेही सरकारच्या २०२२च्या नियमांत आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘अ‍ॅस्की’ हिनेही त्या वर्षी १ एप्रिलपासून क्रिप्टोच्या जाहिरातीत ठळक इशारा सक्तीचा केला : यावर कुठल्या नियामकाची देखरेख नाही, फार जोखमीचं आहे, बुडालं तर दाद मागायला जागा नसेल. शिवाय नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा केंद्राचा कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी आपल्या राज्याचा १९९९चा ‘एमपीआयडी’ कायदा आहे. यातलं तुमच्या प्रकरणाला काय लागेल, ते कागद पाहून वकीलच सांगेल. आर्थिक गुन्ह्यांची कामं करणारा वकील गाठा, घरच्या जमिनीचं बघणारा नको. तुम्ही गुन्हेगार आहात की नाही हे मी ठरवणार नाही, ते माझं कामही नाही. जबाबदार मात्र आहात. किती, तेवढाच प्रश्न.

तेव्हा दागिने. मोडू नका. एकूण किती बायकांचे किती अडकलेत, हे तुम्हालाच माहीत नाही. दागिने मोडून तुम्ही जी दारात येऊन जोरात भांडते तिचे द्याल, आणि जी बिचारी घरी नवऱ्याला सांगूही शकलेली नाही तिचे राहतील. वर, सगळ्यांचे पैसे तुम्हीच देऊ लागलात तर ‘ठेवी हिनेच घेतल्या होत्या’ असाही अर्थ निघू शकतो, आणि ज्यांनी खरे पैसे नेले ते बाजूलाच राहतात. तुमच्या पदरात पडलं ते मात्र वेगळं. पस्तीस हजार आणि कमिशन. तेवढी रक्कम आजच वेगळी काढा, मोडली असेल तर हळूहळू भरून ठेवा, आणि तपास यंत्रणेकडे किंवा न्यायालयात ती कशी जमा करायची हे वकिलाला विचारा. हे पैसे ठेवून घेऊन माफी मागाल, तर ती माफी कुणाच्या पचनी पडणार नाही.

पण एक गट वेगळा काढावा लागेल. तुम्ही लिहिलंय की भिशीतल्या काही जणींना ‘ते यूएसडीटी की काय’ (डॉलरच्या किमतीला बांधलेला क्रिप्टो कॉइन) जमेना, म्हणून त्यांनी रोख रक्कम तुमच्या हातात दिली आणि तुम्ही तुमच्या मोबाइलवरून भरली. तुमच्या पत्रातलं हे मला सगळ्यात गंभीर वाटलं आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. इथे ‘जाहिरात’ हा शब्द कामालाच येत नाही. पैसे तुमच्या हातातून गेलेत. या बायकांकडे तुम्ही स्वतः जा, त्या येण्याची वाट बघू नका. कुणी किती दिले, कुठल्या तारखेला, तुम्ही ते कुठे पाठवले, याचा कागद करून प्रत्येकीला प्रत द्या, कारण त्यांच्या हातात दुसरा पुरावाच नाही. त्यांच्या तक्रारीत तुमचं नाव येईल. येऊ द्या. त्यांच्या पैशांवर मिळालेलं कमिशन आधी परत करता आलं तर बघा, वकिलाला विचारून आणि बँकेतून. रोख नको.

तुमच्या नवऱ्याची भीती मला कळते. घरावर मोर्चा येईल, मुलांना शाळेत कुणी बोलेल, हे त्याला दिसतंय. पण व्हिडिओ डिलीट केल्याने त्यातलं काही टळत नाही. लोकांनी तो केव्हाच उतरवून घेतलाय, आणि पोलिसांच्या नजरेत ते पुरावा नाहीसा करणं ठरू शकतं. व्हिडिओ प्रायव्हेट करा, म्हणजे नव्याने कुणी फसणार नाही आणि मूळ प्रतही राहील. कंपनीच्या माणसाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामच्या ग्रुपमधले मेसेज (ते ग्रुप एका रात्रीत गायब होतात, आजच स्क्रीनशॉट घ्या), तुमचं बँक स्टेटमेंट, ज्या वॉलेटवर पैसे पाठवले त्याचा पत्ता, व्यवहारांचे क्रमांक, हे सगळं दोन ठिकाणी साठवा. मग १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. रक्कम मोठी निघाली तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जाईल. तिथे तुम्ही तक्रारदार म्हणून आधी पोचणं आणि कुणाच्या तरी तक्रारीत आरोपी म्हणून बोलावलं जाणं, यात पुष्कळ फरक पडतो. एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते : ज्या खात्यात कमिशन आलं ते खातं तपासात गोठवलं जाऊ शकतं. घरखर्च, मुलांची फी त्याच खात्यातून जात असेल तर तपास अधिकाऱ्याला आणि बँकेला काय सांगायचं, ते वकिलाकडून आधीच समजून घ्या. पैसे घाईघाईने नवऱ्याच्या नावावर मात्र फिरवू नका, ते लपवल्यासारखं दिसतं.

त्यानंतर व्हिडिओ कराच. वकिलाला दाखवून करा, पण तो ‘काहीच बोलू नका’ म्हणाला तर त्याच्याशी जरा वाद घाला. चार-पाच मिनिटं पुरेत. मला अमुक रुपये मिळाले होते, माणसामागे कमिशन होतं आणि ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पैसे अडकले आहेत. नवे भरू नका, नवा कॉइन घेऊ नका. मी तक्रार दिली आहे, तुम्हीही द्या, अशी द्यायची. रडू आलं तर थांबा, पुसा, पुन्हा रेकॉर्ड करा. तुमचं रडणं बघून त्या बायकांना काही मिळणार नाही. आणि त्या व्हिडिओवरच्या जाहिराती बंद ठेवा. तेवढं विसरू नका, लोक नेमकं तेच बघतात. कमेंट उघड्या ठेवा, शिव्या राहू द्यात. मात्र ‘मी तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, या नंबरवर संपर्क करा’ अशा कमेंट येतील, त्या दिसताक्षणी उडवा. ती फसवणुकीची पुढची टोळी असते. आधी फी घेते आणि मग फोन बंद.

हे पत्र मी छापायचं ठरवलं, कारण अशी पत्रं लहान चॅनेल चालवणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली वरचेवर येतात. कुणी शेतीवर बोलतं, कुणी मेहंदीवर, आणि ऑफर येते ती पैशाच्या अ‍ॅपची. त्यांना एवढंच सांगते की मोबदला माणसामागे ठरत असेल तर तिथेच थांबा. क्रिप्टो एक्स्चेंजला भारतात धंदा करायचा तर केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी लागते, २०२३पासून. ती नसेल तर पुढे बोलायचंच नाही. आणि ती असली म्हणजे पैसे सुरक्षित, असंही नाही. ती नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवायला आहे, तुमच्या गुंतवणुकीच्या हमीसाठी नव्हे. ‘नक्की’, ‘रोज’, ‘दुप्पट’ असे शब्द त्यांनी लिहून दिलेल्या मजकुरात असतील, तर ते तुमच्या तोंडून का वदवून घेतायत, याचा विचार करा.

शेवटी तुम्ही विचारलंय, एका ट्रेडिंग अ‍ॅपची नवी ऑफर आलीये, त्या पैशातून थोडी भरपाई होईल, घेऊ का? नको, ताई. एका खड्ड्यातली माती दुसऱ्यात टाकायला निघालात तुम्ही. शेअर बाजारातला कुठला शेअर घ्या, कधी घ्या, हे सांगायला सेबीची नोंदणी लागते, ती तुमच्याकडे नाही. आणि सेबीच्या नियमातल्या कंपन्यांना अशा बिननोंदणीच्या सल्लागारांशी संबंध ठेवायलाही आता मनाई आहे. तरीही तुमच्याकडे आलेत, यावरून काय ते समजा. मसाल्याची, कुकरची, पिठाच्या गिरणीची जाहिरात आली तर जरूर घ्या, घर चालवायचंय. फक्त ‘ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे’ हे वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीला, मराठीत, आणि तुमच्या तोंडून यायला हवं.